माळ, कुरण आणि मेंढरांचा वाडा

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागापासून अहमदनगर (आता अहिल्यानगर), सोलापूर आणि सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांपर्यंत पसरलेल्या पठारावर वर्षाकाठी साधारण ४५० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मृगाच्या चार सरी येतात, मग महिना-दीड महिना ओढ बसते आणि खरा पाऊस परतीच्या वाटेवर, सप्टेंबरात पडतो. काळ्या पाषाणावर वीतभर मुरूम आणि त्यावर मातीचा पातळ थर, अशा जमिनीत झाडापेक्षा गवताचे बरे चालते. माणदेश, बारामती-इंदापूरचा जिराईत भाग, कर्जत-श्रीगोंदा, नान्नज, जत, आटपाडी हा सगळा मुलूख म्हणजे दख्खनचा माळ. काळवीट आणि चिंकारा, त्यांच्या मागोमाग गाय-बैल, मग शेळ्या-मेंढ्या, मग लष्करी घोडे अशी चरणारी तोंडे इथे हजारो वर्षे फिरत आली आहेत. माळावर आज कोणते गवत उभे आहे, हे पावसाने आणि मातीने जितके ठरवले तितकेच ह्या तोंडांनीही ठरवले.

ह्या पट्ट्यातली मूळची चांगली गवते बहुवर्षायू आहेत. उथळ मुरमाड उतारावर शेडा आणि डोंगरी, थोड्या खोल व काळ्या जमिनीवर मारवेल, आणि दोहोंच्या मध्ये पवन्या. शेड्याचे ठोंब एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून वाढतात, वाळल्यावरही त्याचा चारा गुरे आवडीने खातात. मारवेल जमिनीलगत धुमारे टाकत पसरते. त्याच्या प्रत्येक पेराभोवती पांढऱ्या केसांचे बारीक कडे असते आणि ते बोटाला लागले की गवताची ओळख पटते. शेताच्या बांधावर आजही टिकून आहे ते बहुतेक हेच. पी. एम. दाबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी देशभरच्या गवताळ जमिनींची पाहणी करून १९७३ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात भारतातील गवतांचे पाच मोठे पट्टे मांडले आहेत. दख्खनसह सारे द्वीपकल्प त्यांनी शेडा-मारवेल पट्ट्यात घातले आहे.

गवताला चरणे नवे नाही. झाडाचा शेंडा खुडला तर त्या फांदीची वाढ थांबते, गवताचा वाढीचा कोंब मात्र बराच काळ जमिनीलगत, पात्यांच्या बेचक्यात दडलेला असतो. वरची पाती गेली तरी खालून नवी येतात, बाजूने फुटवे निघतात. पण ह्या सोसण्याला मर्यादा आहे. उन्हाळ्यानंतर पहिली पाती फुटतात ती गेल्या वर्षी बुडख्यात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर. ती पाती हिरवी होऊन स्वतः अन्न तयार करू लागण्याआधीच पुन्हा पुन्हा खाल्ली गेली, तर साठा रिकामा होतो. अमेरिकेत एफ. जे. क्रायडर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की निम्म्याहून अधिक पाती एकदम काढली की मुळांची वाढ काही काळ थांबते. जिथे दोन पावसांत महिन्याची ओढ बसते तिथे उथळ मुळाचे गवत म्हणजे मेलेले गवत. दुसरा नाजूक काळ भाद्रपद-आश्विनातला, ओंब्या भरण्याचा. तेव्हा चरले तर त्या वर्षीचे बी पडत नाही. आषाढात आणि भाद्रपदात, दोन्ही वेळी त्याच जागी तीच जनावरे राहिली, तर दहा-पंधरा वर्षांत माळाचा चेहरा बदलतो. तीच जनावरे आठ दिवस चरून पुढे गेली तर फारसे काही बिघडत नाही. उलट जुनी वाळकी पाती निघून जातात, बुडख्यापर्यंत ऊन पोहोचते आणि फुटवे वाढतात.

तोंडातोंडातही फरक आहे. गाय-बैल जिभेने गवत वेटोळून तोडतात, त्यामुळे जमिनीलगतची दोन-चार बोटे त्यांच्या हाती लागत नाहीत. मेंढीचा वरचा ओठ चिरलेला असतो आणि ती पार बुडख्यापर्यंत कुरतडू शकते. घोड्याला वरखाली दोन्ही बाजूंना पुढचे दात असल्याने त्याचे चरणे सर्वांत तासून. शेळी गवतापेक्षा पाल्याकडे आधी वळते. शेळी माळ खाते असा बोलबाला आहे, पण गवताच्या बाबतीत तिच्यावर येणारा आळ बराचसा उसना आहे. बोरी-बाभळीची रोपे ती खुडते, आणि झाडे वाढू न देणे गवताच्या पथ्यावरच पडते.

सततच्या चराईने गवते ठरावीक क्रमाने हटतात. आधी जातात शेडा आणि मारवेल, कारण जनावर त्यांनाच शोधून खाते. त्यांच्या जागी कुसळी येते. तीही टिकली नाही तर वर्षायू, बारीक, लवकर फुलून लवकर वाळणारी गवते उरतात. पावसाळ्यात ती हिरवी दिसतात आणि कार्तिकात त्यांचा भुगा होतो. त्याही पलीकडे उघडा मुरूम, तरवड आणि घायपात.

कुसळीची गोष्ट थोडी वेगळी आहे. कोवळी असताना ती जनावरे खातात, फुलोऱ्यावर आली की तोंड लावत नाहीत. तिचा दाणा खालून सुईसारखा टोकदार असतो आणि वर बोटभर लांबीचे, पिळलेले, काळपट कुसळ. दव पडले की पीळ सुटतो, ऊन लागले की पुन्हा बसतो आणि ह्या फिरण्याने दाणा गिरमिटासारखा जमिनीत शिरतो. आश्विनात एका ओंबीवरची कुसळे एकमेकांत गुंतून त्यांचे काळे पेड होतात. मेंढरू त्यातून गेले की ती लोकरीत अडकतात आणि लोकरीतून कातडीत घुसतात. बी जमिनीत पुरले गेल्यामुळे वणव्यातही वाचते. चांगल्या गवतांवर चराईचा भार पडतो, कुसळीला तिचे कुसळ राखते आणि आग लागली तरी तिचेच फावते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ज्या पट्ट्यात हेच गवत माजले तिथून मेंढपाळी हळूहळू मागे हटली आणि मांसासाठीची गुरे आली.

हा माळ मुळात होता की माणसाने आणि जनावराने जंगल संपवून तो केला, हा वाद जुना आहे. एच. जी. चॅम्पियन यांनी १९३६ साली भारतीय वनांचे वर्गीकरण केले. तेव्हापासून वनशास्त्रात अशी समजूत रुजली, की कोरड्या प्रदेशातले गवत म्हणजे तोडीने, आगीने आणि चराईने खालावलेले पानझडी जंगल. गवतांच्या अभ्यासकांनीही ती बरीचशी मान्य केली. सह्याद्रीच्या पूर्वउतारावर ती खरीही असेल. सबंध पठाराला लावायची तर पुरावा आड येतो. शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्म मातीवरून उपखंडात उष्ण हवेची गवते सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी पसरू लागल्याचे दिसते. तेव्हा ना कुऱ्हाड होती, ना पाळीव गुरे. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळात खोऱ्यातल्या वनस्पतींचे अंश सापडतात. त्यांवरून गेल्या सुमारे ४,००० वर्षांत कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पतींचे प्रमाण वाढत गेल्याचा निष्कर्ष निघाला आहे. १३ व्या शतकापासूनच्या साहित्यात येणाऱ्या जंगली वनस्पतींचे उल्लेख अलीकडे तपासले गेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जाती माळरानाच्या निघाल्या. जनावरांनी माळ जन्माला घातला असे म्हणायला त्यामुळे फारसा आधार राहत नाही. त्यांनी त्याची गवते मात्र निवडली.

पाळीव जनावरांचा इथला सर्वांत सुस्पष्ट पुरावा शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला मिळाला. डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळात शेतकरी-पशुपालकांची वस्ती इथे नांदली. चौकोनी घरे, धान्याच्या कणग्या, पाण्याचा पाट आणि गाय-बैलांची भरपूर हाडे असा पहिल्या शतकांतला थाट आहे. शेवटच्या टप्प्यात, इ. स. पूर्व १००० नंतर, घरे लहान आणि गोल होत जातात, धान्य कमी होते आणि शेळ्या-मेंढ्यांचा वाटा वाढतो. मधुकर ढवळीकर यांनी ह्याचा अर्थ हवामान कोरडे होत गेले आणि लोक अर्धभटक्या पशुपालनाकडे वळले असा लावला. पाऊस हटला की शेती आटते आणि मेंढरू पुढे येते, हा दख्खनचा नियम त्या मातीत पहिल्यांदा उमटलेला दिसतो. हाडांत काळविटाचीही हाडे आहेत, म्हणजे उघडा गवताळ माळ वस्तीच्या आसपासच होता.

पुढच्या दोन हजार वर्षांत माळाची अर्थव्यवस्था गोधनाभोवती फिरत राहिली. गावोगावच्या वीरगळांवर लढून मेलेल्या वीराशेजारी गायींची रांग कोरलेली दिसते, ती गुरे पळवण्याच्या आणि राखण्याच्या लढायांची खूण. देवही चराऊ रानातून आले. बिरोबा, म्हसोबा, धुळोबा यांची ठाणी शेत संपून माळ सुरू होतो तिथे असतात. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि ठाणी हिंडून पाहिली आणि ह्या देवांचा रानातून गावाकडे झालेला प्रवास मांडला. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव, असे रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ मध्ये साधार दाखवले. भीमेकाठच्या ह्या कोरड्या टापूतच महाराष्ट्राचे मोठे दैवत उभे राहावे, यात माळाच्या संपत्तीचा वाटा नसेल असे मानणे कठीण आहे.

१७ व्या शतकात गवत हा राज्यकारभाराचा विषय झाला, आणि तो घोड्यामुळे. मराठ्यांचे बळ घोडदळात होते आणि घोडे पावसाळ्यात छावणीत बांधून ठेवायचे. दसऱ्याला लष्कर मुलूखगिरीवर निघे, पावसाळ्याच्या तोंडाशी परत येई. त्याआधी छावणीत दाणा, औषधे आणि गवत यांची बेगमी झालेली असे, असे सभासद बखरीवरून दिसते. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना १६७० च्या दशकात लिहिलेले पत्र रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावण्याच्या ताकिदीसाठी प्रसिद्ध आहे. त्या पत्राचा मोठा भाग गवताविषयी आहे, हे सहसा सांगितले जात नाही. कोणी आगट्या पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच जळता ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गंजीला आग लागेल. गवत गेले की पावसाळ्यात घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. राज्याच्या धन्याने गंजीतल्या उंदरापर्यंत विचार करावा, इतके त्या वाळल्या काडीवर अवलंबून होते.

हे गवत येई कुरणांतून. राखून ठेवलेल्या माळाला किंवा डोंगरउताराला कुरण म्हणत. पावसाळाभर तिथे जनावर सोडायचे नाही, ओंब्या पिकल्या की विळ्याने कापायचे आणि पेंढ्या बांधून गंज्या रचायच्या, अशी रीत. पेशवाईत सरकारी कुरणांवर राखणदार असत. ते गवत कापण्याची आणि वाहून आणण्याची वेठ आसपासच्या गावांवर पडे, आणि ती गावकऱ्यांना जाचाची वाटे. शिवाय सरदारांची, देवस्थानांची आणि गावांची आपापली कुरणे असत. जुन्नर आणि वेल्हे भागात कुरण नावाची गावे अजून आहेत. मोकळ्या रानात चारणाऱ्यांकडून वनचराई घेतली जाई, म्हशींवर म्हैसपट्टी असे. भीमेच्या खोऱ्यातली काटक भीमथडी तट्टे ह्याच व्यवस्थेवर पोसली.

गवताच्या दृष्टीने ही जुलमी पद्धत हितकारक होती, हे मान्य करावे लागते. वाढीच्या चार महिन्यांत तोंड नाही, बी पडल्यावर कापणी, आणि कापताना बुडखा शिल्लक. शेडा, पवन्या आणि मारवेल ह्यांना याहून सोयीचे वेळापत्रक मिळणे अवघड. घोडदळाच्या गरजेतून एरवी चरून गेल्या असत्या अशा हजारो एकर जमिनी दोन शतके राखल्या गेल्या. कुरण आणि उघडा माळ शेजारी शेजारी असले तरी त्यांची गवते वेगळी पडत. आत उंच ठोंबांची, बाहेर आखूड.

उघड्या माळाचे खरे मालक धनगर. त्यांचे वर्ष नक्षत्रांवर चाले आणि अजूनही बरेचसे चालते. रोहिणी-मृगाच्या सुमारास वाडे माणदेश, फलटण, बारामती, शिरूरच्या कोरड्या माळांवर परततात. सह्याद्रीत आणि कोकणात पाऊस कोसळत असताना ओल्या जमिनीने मेंढ्यांचे खूर कुजतात, पूर्वेच्या माळावर मात्र निचरा चांगला आणि गवत कोवळे. दिवाळी झाली की वाडे हलतात. काही घाट उतरून कोकणात भाताच्या कापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरांत जातात, काही नदीकाठच्या काळ्या शेतांकडे. वाडा म्हणजे काही कुटुंबांचा मिळून चालता संसार. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरे, मागे कुत्री. रात्री वाघर लावून जाळीच्या आत मेंढरे शेतात बसवायची. लेंडी आणि मूत मातीत जिरते, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो.

ह्या वेळापत्रकात गवताच्या बाजूने एक अडचण आहे. मेंढरे माळावर असतात ती नेमकी पावसाळ्यात, म्हणजे गवत सर्वांत नाजूक असताना. तरी माळ शतकानुशतके तगला, तो वाडा एका जागी थांबत नसल्यामुळे. आठ-दहा दिवस, फार तर पंधरवडा, मग पुढचा माळ. कोणत्या माळावर पाऊस झाला आणि कोणता अजून कोरा आहे ह्याची खबर काढत वाडे सरकत, त्यामुळे चरून गेलेला ठोंब पुन्हा फुटायला उसंत मिळे. आश्विनात कुसळे पिकून मेंढरांच्या अंगात घुसू लागली की कातरणी करून निघून जाणेच शहाणपणाचे. बी पडण्याच्या वेळी माळ रिकामा होई तो ह्यामुळेही. मोठे माळ, मोकळ्या वाटा आणि उन्हाळ्यात जायला दुसरा मुलूख ह्या तिन्ही गोष्टी असतील तोवरच हे जमते.

इंग्रजी अंमलात तिन्ही गोष्टी एकेक करून आवळल्या गेल्या. १८१८ नंतर घोडदळ गेले आणि बहुतेक कुरणांचे मूळ कारणच उरले नाही. १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या महसूल पाहणीला सुरुवात केली. सारा हलका ठेवून पडीक जमीन लागवडीखाली आणणे हा तिचा उघड हेतू होता, आणि तो पुष्कळ साधला. जमिनीचे नंबर पडले, नकाशे झाले, जे पिकत नाही ते ‘पडीक’ नाही तर ‘पोटखराबा’ ठरले. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, तेव्हा नांगर आणखी पुढे सरकला. नांगराखाली आधी गेली ती खोल मातीची जमीन, म्हणजे मारवेलीची. शेड्याचे मुरमाड उतार राहिले, पण आता त्यांच्यावर पूर्वीच्या दुप्पट माळाची जनावरे आली. मारवेल गावाच्या बांधांवर सरकले ते तेव्हापासून. ज्या माळांची दुर्दशा पुढे मेंढरांच्या माथी मारली गेली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मेंढरांच्या आधी नांगर येऊन गेला होता.

त्या काळचा माळ किती विस्तीर्ण होता याची एक विचित्र नोंद शिकारीच्या हिशेबात सापडते. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एकाच इंग्रज शिकाऱ्याने अहमदनगर परिसरात ९६१ माळढोक मारले. माळढोक हा उघड्या गवतात जमिनीवर अंडे घालणारा पक्षी. एवढे पक्षी एका माणसाला मिळावेत इतके गवत तेव्हा होते.

१८७८ च्या वन कायद्याने दुसरा फास बसला. पुणे, सातारा, नगर भागांतल्या झाड नसलेल्या टेकड्या आणि माळही ‘वन’ झाले. चराईला परवाने, फी आणि बंद-उघडे हंगाम आले. काही जमिनींतल्या गवताचा लिलाव होऊ लागला. १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्याला कायद्याचे बळ मिळालेच होते, त्यामुळे हद्द ओलांडलेले जनावर सोडवायला दंड भरावा लागे. हद्द मात्र धनगराच्या वाटेवर आडवी पडलेली. गावाला दिलेली गायराने लहान आणि गावालगतची. ती बारमाही चरली जाऊ लागली आणि सर्वांत आधी उघडी पडली. वनखात्याच्या बंद तुकड्यांत गवत उंच वाढले, त्यांच्या कुंपणाबाहेर हरळी आणि कुसळीही धड उरली नाही. हा फरक पाहून चराई म्हणजेच नाश, असा निष्कर्ष अधिकाऱ्यांनी काढला. तो अर्धाच खरा होता, कारण बाहेरचा माळ उघडा पडण्यात आतली दारे बंद झाल्याचाही हात होता. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने गुरांची संख्या फाजील आणि चारा अपुरा असल्याचे सांगितले. एका जागी डांबलेल्या गुरांच्या बाबतीत ते बरोबरच होते.

तिसरा फास पाण्याने आणला. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, पुढे प्रवरा आणि गोदावरीचे कालवे आले, १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. हिवाळ्यात ज्वारीच्या कापणीनंतर मोकळी होणारी नदीकाठची शेते बारमाही उसाखाली गेली. मेंढरे बसवायला जागा कमी झाली, आणि रासायनिक खत आल्यावर लेंडीखताची गरजही घटली. वाडे माळावर जास्त दिवस अडकून पडू लागले. १९७२ च्या दुष्काळात चारा-छावण्यांतून गुरे जगवली गेली. उसाचे वाढे हा माळाच्या गवताला पर्याय झाला आणि पुढच्या प्रत्येक दुष्काळात माण-खटावच्या छावण्यांत तोच दिसला. माणदेशातल्या खिलार बैलाची पैदास त्याच सुमारास ट्रॅक्टरपुढे मागे पडू लागली.

दुष्काळानंतर माळ ‘सुधारण्या’चे प्रयत्न झाले. रोजगार हमीवर समतल चर खोदले गेले, चरांच्या वरंब्यावर गिरिपुष्प, सुबाभूळ, कडुलिंब लावले गेले. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाने त्याला वेग दिला. वेड्या बाभळीने ओढेकाठ आणि गायराने आपल्या बळावर व्यापली. तिच्या गोड शेंगा शेळ्या-मेंढ्या खातात आणि बी लेंड्यांतून पेरत जातात, म्हणजे इथे चरणारे जनावरच गवताच्या शत्रूचा वाहक झाले. चर खोदताना शेड्याचे जुने ठोंब उकरले गेले. पुढे उपग्रहांवरून देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे निघाले, त्यांतही माळरानाचा बराच भाग ओसाड म्हणून रंगवला गेला. जेजुरी, कुरकुंभ, बारामतीच्या औद्योगिक वसाहती माळावरच झाल्या.

गावाने स्वतः माळ राखल्याचीही उदाहरणे ह्याच पट्ट्यात आहेत. राळेगणसिद्धीत १९७० च्या दशकाअखेर आणि हिवरे बाजारात १९९० च्या दशकात कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी आली. डोंगर मोकाट गुरांना बंद, गवत मात्र पिकल्यावर विळ्याने कापून न्यायचे. जुन्या कुरणाचीच ही पद्धत, फक्त घोड्याच्या जागी दुभती संकरित गाय आली. गवत परतले, दूध वाढले. पण वाड्यांच्या वाटेवरचे आणखी काही माळ बंद झाले, आणि ज्यांच्याकडे जमीन नाही, फक्त शेळ्या आहेत, त्यांना जनावरे विकावी लागली. यशोगाथांत ही बाजू क्वचितच येते.

चराई पूर्ण थांबवली की गवत सुधारतच जाते असेही नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ साली म्हशींना बंदी झाली. काही वर्षांतच पाणथळ गवताने तळी इतकी कोंडली, की पाणपक्ष्यांना जागा उरेना, हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून पुढे आले. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोक अभयारण्य झाले. कागदावर ते सुमारे ८,५०० चौ. किमी होते, पण प्रत्यक्ष राखलेले गवताळ तुकडे थोडे. त्यांत कुंपण आणि गिरिपुष्पाची लागवड होऊन काही ठिकाणी गवत व झाडोरा दाट झाला. माळढोकाला हवे असते ते दूरवर नजर जाईल असे विरळ, गुडघ्याखालचे गवत, जे काळवीट आणि फिरती मेंढरे ठेवतात. आज तिथे हा पक्षी दिसलाच तर एखादा. काळवीट मात्र नान्नजला आणि कर्जतजवळच्या रेहेकुरीला टिकून आहे.

मेंढरेही बदलली आहेत. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आणि एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या. काळ्या जाड लोकरीची दख्खनी मेंढी घोंगडीसाठी होती. घोंगडीची मागणी घटली आणि लोकर कातरणीच्या मजुरीलाही पुरेनाशी झाली, तेव्हा मांसासाठी उंच, कमी लोकरीची माडग्याळ मेंढी जतमधून सगळीकडे पसरली. तिच्या अंगात कुसळे कमी अडकतात. दिवाळीला माळ सोडण्याची निकड त्यामुळे कमी झाली, आणि भाड्याच्या टेंपोतून कळप थेट दूरच्या रानात उतरवता येऊ लागल्याने वाटेवरचे थांबेही गळाले.

चरून संपलेला माळ आज राखायला घेतला, तर पहिल्या पावसाळ्यात वर्षायू गवतेच दाट येतात. पुढच्या तीन-चार वर्षांत कुसळी आपला ठाव धरते. शेडा आणि मारवेल ह्यांचे परतणे बुडखे जमिनीत जिवंत आहेत की नाहीत ह्यावर ठरते. खडकाच्या कपारीत, बाभळीच्या काट्यांखाली किंवा बांधाला ठोंब शिल्लक असतील तर तिथून ते वर्षाला थोडे थोडे पसरतात. त्यांचे बी हलके असले तरी फार लांब जात नाही आणि मेंढरांच्या लोकरीवर कुसळीइतके चिकटतही नाही. जिथे एकदा नांगर फिरला किंवा यंत्राने चर पडले तिथे हे ठोंब आपणहून सहसा येत नाहीत. अशा जमिनीवर मारवेलीची कांडी पावसाळ्याच्या तोंडाशी हाताने लावावी लागते, आणि तिला मूळ धरेपर्यंत एक-दोन पावसाळे जनावर दूर ठेवावे लागते.